ई-पुस्तकांचा पसारा कसा आवरावा: अकरा हजार फायलींच्या ढिगातून बाहेर आल्यावर

मागच्या वर्षी गणपतीत सासूबाईंनी हरिपाठ टॅबवर लावून मागितला. शोधायला बसले तर हरिपाठाच्या एकोणीस फायली निघाल्या. सहा अगदी तंतोतंत सारख्या, चार उघडेचनात, एकीत पहिली आठ पानं उलटी स्कॅन झालेली आणि एकीचं नाव 'हरिपाठ फायनल नवीन (३)'. मी एकेक उघडून बघेपर्यंत सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, माझी पोथी आहे." आणि त्या उठून देवघरात गेल्या.

त्या रात्री सगळीकडच्या फायली मोजल्या. अकरा हजार चारशे. वाचलेल्या किती असतील, तर दोनेकशे.

हा ढीग आवरायला मला तीन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या. त्यातला निम्मा वेळ चुका करण्यात आणि त्या निस्तरण्यात गेला. तुमचा तरी तो वाचावा म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कागदी पुस्तकं आपण काढतो ती कपाटात जागा नाही म्हणून. इथे तसं नाही. साधी कादंबरी ईपब या ई-पुस्तकांच्या फाईलप्रकारात असली तर एक एमबीच्या आतबाहेर असते. हजार कादंबऱ्या उडवल्या तरी जेमतेम एक जीबी मोकळा होईल, आणि तेवढी जागा लग्नाचा एक व्हिडिओ खातो. जागेसाठी बसलात तर दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडून द्याल. आपल्याला हवं ते पुस्तक हवं तेव्हा सापडायला हवंय, एवढंच. म्हणून फाईल हातात आली की "ही मला आवडते का" असं विचारत बसू नका. आवडतातच सगळी. विचारा, "ही गेली तर पुन्हा मिळेल का?"

लागणारं साहित्य

- संगणक. फक्त फोनवर हे काम होत नाही, मी प्रयत्न करून पाहिलाय.
- एक रिकामी बाहेरची हार्ड डिस्क. पाचशे जीबीची जुनी असली तरी चालेल, पण आत दुसरं काही नको.
- कॅलिबर. ई-पुस्तकांची नोंद ठेवणारा, फुकट मिळणारा प्रोग्राम. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये तो लिहायला घेतला, आजही तो नियमित सुधारला जातो. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो.
- डुपगुरू. जुळ्या फायली शोधणारा, हाही फुकट.
- वही आणि पेन. हसू नका, चौथ्या पायरीला लागेल.

१. सगळं एका जागी आणा, आणि अजून काहीही उडवू नका

संगणकावर 'गोळा' नावाचं फोल्डर करा. त्यात प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं फोल्डर: जुना लॅपटॉप, ऑफिसचा पेनड्राइव्ह, फोन, गुगल ड्राइव्ह, ईमेलमधून आलेलं. फायली कॉपी करा, हलवू नका. वेगळी फोल्डरं ठेवण्याचं कारण असं की पुढे एखादी बिननावाची फाईल समोर आली की ती कुठून आली यावरूनच ती काय असेल याचा अंदाज येतो.

सगळ्यात मोठा साठा कुठे असतो सांगू? व्हॉट्सॲपमध्ये. अँड्रॉइड फोनमध्ये 'अँड्रॉइड', मग 'मीडिया', मग व्हॉट्सॲपचं फोल्डर, पुन्हा 'मीडिया' आणि त्यात 'व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्स' असा तो खोल दडलेला असतो. माझ्या फोनमध्ये तिथे चौदाशे पीडीएफ होत्या. त्यात पुस्तकं होतीच, शिवाय लग्नपत्रिका, सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं आणि कुणाच्या तरी रक्ततपासणीचे रिपोर्टही होते.

इथला एक सापळा मराठीवाल्यांनाच छळतो. फाईलचं नाव देवनागरीत आणि लांबलचक असेल तर ती अँड्रॉइड फोनवर किंवा लिनक्सवर कॉपी होताना अडते. तिथे नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार हीसुद्धा वेगळी चिन्हं धरली जातात. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, म्हणजे नऊ बाइट. थोडक्यात पंच्याऐंशी चिन्हांत नाव संपवावं लागतं. विंडोजवर तीच फाईल बिनतक्रार नांदत असते, त्यामुळे चूक कुठे आहे तेच कळत नाही. अडलेल्या फायलींची नावं तिथल्या तिथे छोटी करा.

विकत घेतलेली, कुलूपबंद पुस्तकं यात आणायचा खटाटोप करू नका. किंडल किंवा बुकगंगाच्या ॲपमधली पुस्तकं त्या त्या ॲपमध्येच राहू द्या. किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून घेण्याची सोय तर २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंदच झाली आहे. ते वेगळं कपाट समजा. मात्र तिथे आवराआवर करताना यंत्रावरून काढणं आणि खात्यातून कायमचं काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विसरू नका. यंत्रावरून काढलेलं पुस्तक पुन्हा उतरवता येतं. खात्यातून कायमचं काढलंत तर पुन्हा पैसे मोजावे लागतात.

गोळा करून झालं की ते अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर जसंच्या तसं कॉपी करा, डिस्क काढा आणि कपाटात ठेवा. काम संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

आता आणखी एक फोल्डर करा, नाव 'माळा'. इथून पुढे जे काही टाकून द्यावंसं वाटेल ते डिलीट न करता माळ्यावर टाका. महिनाभर तिथे राहू दे, मग रद्दीत.

२. तंतोतंत जुळ्या फायली

हे काम संगणकाचं आहे, त्याच्यावरच सोडा. डुपगुरूला 'गोळा' फोल्डर दाखवा आणि तुलना नावावरून न करता आतल्या मजकुरावरून करायला सांगा, तिथे 'कंटेंट्स' असा पर्याय आहे. नाव काहीही असो, आतून बाइट न् बाइट सारखी असेल तरच ती जुळी धरली जाते, त्यामुळे इथे चुकायला फारसा वाव नाही. ज्या फोल्डरमधली नावं त्यातल्या त्यात नीट आहेत त्याला 'रेफरन्स' अशी खूण करा. मग त्यातल्या फायलींना धक्का लागत नाही, त्यांच्या बाहेरच्या जुळ्या तेवढ्या निवडल्या जातात. निवडलेल्या फायली डिलीट करण्याऐवजी दुसरीकडे हलवायची सोयही आहे. हलवा माळ्यावर.

एका संध्याकाळी माझ्या चार हजार तीनशे फायली गेल्या. जेवताना मी नवऱ्याला अगदी विजयी मुद्रेनं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे अजून सात हजार आहेत."

३. मोडक्या आणि अर्धवट

फायली आकाराप्रमाणे लावा, सर्वांत लहान वर. शून्य केबीच्या, अर्धवट उतरलेल्या, आणि वीस केबीच्या आतल्या 'पीडीएफ' आधी बघा. या शेवटच्या बहुतेक वेळा पुस्तक नसतात. वेबसाइटचं 'पान सापडलं नाही' असं सांगणारं पान पीडीएफच्या नावानं जतन झालेलं असतं. तासाभराचं काम आहे.

४. बिननावाच्या फायली: इथे घाई केलीत तर रडाल

'स्कॅन००१४', 'डॉक्युमेंट (७)', 'नवीन पुस्तक'. मी अशा शंभरेक फायली न उघडताच माळ्यावर फेकल्या. चार दिवसांनी सहज एक उघडली, तर ती माझ्या आजीची ओव्यांची वही. आजीनं जात्यावरच्या ओव्या पेन्सिलनं उतरवून ठेवल्या होत्या आणि भावानं कधीतरी त्या स्कॅन करून पाठवल्या होत्या. तेलकट बोटाचे डागसुद्धा दिसत होते पानांवर. मूळ वही घर बदलताना हरवली आहे. डिलीटचं बटण दाबलं असतं तर ती गेलीच होती. तेव्हापासून नियम: बिननावाची फाईल उघडल्याशिवाय हलवायची नाही. रोज तीसच बघा, जास्त बघितल्या की डोळे वरवर फिरायला लागतात. काय सापडलं ते वहीत लिहीत चला.

मराठी वाचकाकडे हमखास असणारा आणखी एक प्रकार म्हणजे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'ची स्कॅन. ही लाखो पुस्तकं आता इंटरनेट अर्काइव्हवर आहेत आणि तिथून उतरवली की फाईलच्या नावात '२०१५' आणि पुढे मोठा आकडा येतो. २०१५ हे पुस्तकाचं वर्ष आहे असं समजू नका. तो त्या संग्रहाच्या क्रमांकाचा भाग आहे, पुस्तक १९१० चंही असू शकतं. कधी नाव रोमन लिपीत असतं, पण अशा स्पेलिंगनं की ते मराठी आहे हे कळायलाच दोन मिनिटं जातात. उघडा, ग्रंथालयाचे शिक्के मागे टाकून शीर्षकाच्या पानापर्यंत जा आणि तिथलं नाव लिहून घ्या.

नाव देताना एकच रीत ठेवा: आधी पुस्तकाचं नाव, मग जागा, आडवी रेघ, जागा, मग लेखकाचं नाव. उलट का नाही? पुढच्या पायरीत कॅलिबर फाईलच्या नावातून माहिती उचलतं आणि त्याला मुळात हाच क्रम माहीत असतो. वर्ष, आवृत्ती, 'सुंदर', 'नक्की वाचा' असलं काही नावात घालू नका, ते सगळं लेखकाच्या आडनावाला जाऊन चिकटतं.

५. आता कॅलिबर

इथे पोचेपर्यंत माझ्याकडे साडेपाच हजार फायली उरल्या होत्या. तुमच्याकडे दोनशेच असतील तर कॅलिबरच्या भानगडीत पडू नका. नीट नावं आणि चार फोल्डरं पुरतात, थेट सातव्या पायरीवर जा. पाचशेच्या वर असतील तर मात्र याला पर्याय नाही.

कॅलिबर उघडल्यावर ते लायब्ररी कुठे ठेवायची ते विचारतं. इथे तीन गोष्टी.

पहिली: कॅलिबर तुमची फाईल उचलत नाही, तिची प्रत करून आपल्या लायब्ररीत ठेवतं. म्हणजे काही काळ सगळं दुप्पट दिसणार. घाबरू नका, पण काम झाल्यावर 'गोळा' रिकामं करायला विसरूही नका, नाहीतर पसारा आवरताना पसारा दुप्पट होईल.

दुसरी: लायब्ररीच्या फोल्डरमध्ये जाऊन हातानं नावं बदलायची नाहीत, फायली हलवायच्या नाहीत. आत गेलात तर देवनागरी लेखकांची फोल्डरं रोमन लिपीत, ओबडधोबड स्पेलिंगमध्ये दिसतील आणि ती सुधारायला हात शिवशिवेल. सुधारू नका. ती कॅलिबरची स्वतःची व्यवस्था आहे. खरी नावं त्याच्या नोंदवहीत, म्हणजे 'मेटाडेटा' नावाच्या डेटाबेसच्या फाईलमध्ये असतात. हातानं काही हलवलंत की ती नोंदवही आणि फायली यांची फारकत होते.

तिसरी: ही लायब्ररी गुगल ड्राइव्ह किंवा तशाच सतत सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. कॅलिबर लिहितंय आणि त्याच वेळी सिंकही चालू आहे असं झालं की नोंदवही बिघडू शकते. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, बॅकअप वेगळा घ्या.

पुस्तकं भरण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये 'ॲडिंग बुक्स' इथे जा आणि माहिती फाईलच्या आतून वाचण्याची खूण काढून टाका. इंग्रजी ईपबमध्ये आतली माहिती ठीक असते. मराठी पीडीएफमध्ये शीर्षकाच्या जागी 'अनटायटल्ड' आणि लेखकाच्या जागी 'ॲडमिन' किंवा डीटीपी करणाऱ्याचं नाव असतं. पहिल्या खेपेला मी ही खूण ठेवली आणि माझ्या संग्रहातला सर्वांत जास्त पुस्तकं लिहिणारा मराठी लेखक 'ॲडमिन' निघाला. चौथ्या पायरीत घेतलेल्या कष्टांचं चीज इथे होतं.

भरून झालं की आधी लेखक. डावीकडच्या यादीत लेखकांची नावं दिसतात. साने गुरुजी माझ्याकडे पाच रूपांत होते: साने गुरुजी, सानेगुरुजी, पां. स. साने, पांडुरंग सदाशिव साने आणि एकदा रोमन लिपीत. यादीतच उजवं क्लिक करून नाव बदललं आणि ते आधीच्या नावाशी जुळलं की दोन्ही आपोआप एक होतात. अर्ध्या तासात अडीचशे लेखक कमी झाले. खरं सांगायचं तर सगळ्या उद्योगात मला सर्वांत जास्त मजा इथेच आली.

इथेच आणखी एक खोड आहे. क्रम लावताना कॅलिबर शेवटचा शब्द आडनाव धरतं. 'गणेश वासुदेव अमुक' असेल तर ते बरोबरच आहे. पण साने गुरुजींना ते 'गुरुजी, साने' करून 'ग'मध्ये नेऊन बसवतं. संत, महाराज, शास्त्री, बुवा यांच्या बाबतीतही असंच होतं. 'मॅनेज ऑथर्स'मध्ये जाऊन क्रमासाठीचं नाव हातानं दुरुस्त करा. दोन लेखक असतील तर मध्ये इंग्रजी 'अँड'ची खूण (&) घाला. 'आणि' लिहिलंत तर दोघांचा मिळून एक माणूस होतो.

आता खास आपल्या लिपीची डोकेदुखी. 'किनाऱ्यावर' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली टिंब असलेल्या 'ऱ' या वेगळ्या अक्षराला हलन्त लावलेला असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. तीच गत 'ॲ'ची: एक सलग अक्षर, दुसरं 'अ'वर चंद्र चढवून केलेलं. म्हणून पुस्तक समोर दिसत असूनही शोधलं की सापडत नाही आणि जुळं पुस्तक जुळं म्हणून पकडलं जात नाही. उपाय सोपा आहे. सगळी पुस्तकं निवडा, एकगठ्ठा माहिती बदलण्याच्या खिडकीत शोधा-आणि-बदला हा भाग आहे, तिथे एक रूप शोधून दुसरं घाला. कोणतं ठेवायचं? तुमच्या कीबोर्डवरून जे उमटतं ते.

आणि एक करू नका: हजार पुस्तकं निवडून 'माहिती इंटरनेटवरून आणा' असं सांगू नका. इंग्रजी पुस्तकांना मुखपृष्ठं वगैरे छान मिळतात. मराठीत एकाच नावाची चार पुस्तकं असतात आणि त्यातली तीन इंटरनेटच्या खिजगणतीत नसतात. मी हे एका शुक्रवारी रात्री करून झोपले. सकाळी एका कवितासंग्रहावर पाककृतींच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं आणि निम्मी देवनागरी शीर्षकं रोमन झाली होती. ती निस्तरायला शनिवार-रविवार गेला. इंग्रजी पुस्तकं वेगळी निवडा, त्यांच्यापुरतंच करा.

६. एकच पुस्तक, चार रूपं

तंतोतंत जुळ्या फायली गेल्या, पण एकच पुस्तक ईपब, मोबी आणि पीडीएफ अशा तीन अवतारांत असतं, किंवा एकाच पुस्तकाची दोन वेगळी स्कॅन असतात. कॅलिबरमध्ये 'फाइंड ड्युप्लिकेट्स' नावाचं प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्राम, घाला, ते नावं आणि लेखक मिळतेजुळते बघून जोड्या समोर ठेवतं. त्यानं दाखवलेल्या जोड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. भाग पहिला आणि भाग दुसरा यांनाही ते जुळे म्हणू शकतं.

जोडी खरी असेल तर दोन्ही नोंदी निवडून 'मर्ज' करता येतं. पण त्याआधी हे लक्षात घ्या: जी नोंद पहिली निवडाल तिच्या फायली राहतात, आणि दुसरीत त्याच प्रकारची फाईल असेल तर ती कायमची जाते. दोन्हीकडे पीडीएफ असेल आणि पहिली पीडीएफ फिकट, दुसरी स्वच्छ असेल, तर स्वच्छ स्कॅन गेलं म्हणून समजा. आधी दोन्ही उघडा. चांगली असेल ती पहिली निवडा.

कोणतं रूप ठेवायचं? ईपब असेल तर मोबी काढा. मोबी हे जुनं किंडलचं रूप, आता किंडलला पुस्तक पाठवायच्या सेवेतही नवं मोबी चालत नाही, ईपब चालतं. 'लिट' नावाच्या फायली असतील तर त्या मायक्रोसॉफ्टच्या बंद पडलेल्या रीडरच्या आहेत. कॅलिबरमधून ईपब करून घ्या आणि मूळ फाईल काढा. पीडीएफचं मात्र ईपब करायला जाऊ नका. ओळी तुटतात, पानांचे आकडे मजकुरात घुसतात, तळटिपा वाक्यांच्या मध्ये येतात.

त्यातही मराठी पीडीएफची एक चाचणी आधी करा. एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर ती युनिकोडमध्ये आहे, तिच्यात शोधता येईल. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा उमटला तर ती श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये बसवलेली आहे. दिसायला देखणी, पण आतून संगणकाला अक्षरओळख नाही. आणि काहीच निवडलं गेलं नाही तर ते नुसतं चित्र आहे, म्हणजे स्कॅन. शेवटच्या दोन्ही प्रकारांवर टेसरॅक्टसारखा अक्षरं ओळखणारा प्रोग्राम चालवता येतो, त्यात मराठीची सोय आहे. स्वच्छ छपाईवर तो बरंच नीट वाचतो, शिळाप्रेसवर हात टेकतो. सगळ्या संग्रहावर हा प्रयोग करत बसू नका. ज्या पाच-दहा पुस्तकांत तुम्हाला खरोखर शोधायचं असतं त्यांच्यापुरता करा.

७. आता निवड

बघा, आत्तापर्यंत एकही पुस्तक 'नको' म्हणून काढलेलं नाही. लोक निवडीपासून सुरुवात करतात, पन्नासाव्या पुस्तकाला थकतात आणि ढीग तसाच राहतो. आता उरलेल्या प्रत्येक पुस्तकाला चारातला एक टॅग द्या: विकत, मुक्त, स्कॅन, घरचं.

'घरचं' म्हणजे आजीच्या ओव्या, वडिलांचे लेख, शाळेच्या स्मरणिका, कुळाची वंशावळ. सगळं ठेवा. इथे विचारसुद्धा नको.

'मुक्त' म्हणजे जे केव्हाही कायदेशीर आणि फुकट मिळतं. इंग्रजी अभिजात पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहेत. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला हा उद्योग, आपल्या हार्ड डिस्कहून जास्त टिकेल. मराठीसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरच्या पीडीएफ, ई साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं, मराठी विकिस्रोत. यातलं येत्या सहा महिन्यांत वाचणार असाल तेवढं ठेवा. बाकी काढा, फक्त नावं वहीत उतरवून ठेवा. माझी बाराशे पुस्तकं अशी गेली आणि अजून एकाचीही आठवण आलेली नाही.

'स्कॅन' हा गट नाजूक आहे. छापणारा प्रकाशक बंद झालेला, ग्रंथालयातली प्रत वाळवीनं खाल्लेली, आणि स्कॅन कुठल्यातरी संकेतस्थळावर होतं ते आता तिथे नाही, असं मराठीत नेहमी होतं. जुन्या दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. शंका असेल तर ठेवा.

'विकत' म्हणजे जे पैसे मोजून पुन्हा मिळतं. आणि आता त्यातला तो अवघड विषय. ग्रुपवर फिरणारी आजच्या लेखकांची पुस्तकं. आपल्या कायद्यानं लेखकाच्या निधनानंतरचं वर्ष उजाडल्यापासून साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचे हक्क २०१० अखेर संपले. अनुवादाचे हक्क अनुवादकाचे, ते वेगळे मोजायचे, म्हणजे मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वीचा असला तरी पुस्तक मुक्त असेलच असं नाही. गेल्या वर्षी छापलेली कादंबरी जर 'वाचा आणि पुढे पाठवा' अशा टिपेसह आली असेल तर ती चोरीचीच. मराठीत पाचशे-हजारांच्या आवृत्त्या निघतात, त्यात ही चोरी थेट लेखकाच्या ताटातली. मी अशा सहाशे फायली काढल्या. त्यातली ज्यांची चुटपुट लागली ती एकवीस पुस्तकं यादी करून हळूहळू विकत घेते आहे. बाकीच्यांची चुटपुटही लागली नाही.

उरलं ते शिळं. स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, जुन्या सॉफ्टवेअरची मार्गदर्शकं, प्राप्तिकराच्या मागच्या दशकातल्या पुस्तिका. माझ्याकडे २०१३ च्या चालू घडामोडींचे बाराही अंक होते. काय करणार होते मी त्यांचं?

८. वाचायच्या यंत्रावर फक्त ताटातलं

लायब्ररी संगणकावर, वाचन फोनवर किंवा किंडलवर. सगळी लायब्ररी यंत्रात ओतू नका. माझ्या किंडलवर एका वेळी दहा पुस्तकं असतात, वाचून झालं की तिथून काढते. सासूबाईंच्या टॅबवर तर पाचच आहेत, मोठ्या अक्षरांतली, आणि हरिपाठ सर्वांत वर. स्कॅन केलेल्या पीडीएफ लहान पडद्यावर वाचण्याचा हट्ट धरू नका. त्या टॅबवर किंवा संगणकावरच वाचाव्यात.

९. पुन्हा साचू नये म्हणून

व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन डॉक्युमेंट्स आपोआप उतरणं बंद करा. संगणकावर 'आलेलं' असं एकच फोल्डर ठेवा. नवं काहीही आलं की ते तिथेच. महिन्यातून एकदा, मी पहिल्या रविवारी चहा घेता घेता करते, ते उघडायचं. नाव दिलं, टॅग दिला की कॅलिबरमध्ये, नाहीतर माळ्यावर. वीस मिनिटं लागतात. त्याच बैठकीत माळ्यावरचं महिन्याहून जुनं झालेलं रद्दीत टाकायचं.

मग बॅकअप. कॅलिबर बंद करा आणि लायब्ररीचं अख्खं फोल्डर, नोंदवहीच्या फाईलसकट, बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. पहिल्या पायरीतली ती जुनी 'जसंच्या तसं' प्रत सहा महिने तरी पुसू नका. मला ती दोनदा उपयोगी पडली. 'घरचं' या टॅगची पुस्तकं तेवढी तिसऱ्या ठिकाणीही ठेवा. माझी भावाकडे नाशिकला एका पेनड्राइव्हमध्ये आहेत, आणि त्याची माझ्याकडे.

डिस्कवर मी चिकटपट्टी लावून शेवटच्या बॅकअपची तारीख बॉलपेननं लिहिते. संगणकात तारीख दिसते हे मलाही माहीत आहे, पण कपाट उघडलं की ती पट्टी डोळ्यांसमोर येते, आणि दोन महिने उलटले असतील तर लाज वाटते. सध्या पट्टीवर उरलेल्या पुस्तकांचा आकडाही लिहिला आहे: तेराशे पन्नास.